चव जेवणात धरत नाहीत

२ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, खरंच वाकता यायला लागलंय. काल बुटाची नाडी स्वतः बांधली आणि बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "छान. आता दुसरी बांधा."

ऑपरेशनला आज महिना झाला. फोनवर सांगून बघितलं होतं, पण तू ते कानातलं मशीन घालत नाहीस. मी "बरा आहे" म्हटलं तर तू "कुठला बर्फ?" म्हणून विचारलंस. म्हणून आपली पत्रंच बरी. निदान मध्ये बोलत तरी नाहीस.

तर वजन उतरवायला पोटाचा बराचसा भाग काढून टाकलाय. उरलंय ते केळ्याएवढं, असं डॉक्टर म्हणाले. केळं केवढं, ते नाही सांगितलं. पंधरा दिवस नुसतं पातळ, मग पंधरा दिवस गाळ. तान्ह्या बाळाला भरवतात तसला गाळ, ताई! आणि खाणारा कोण, तर बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांचं रांधणारा मुख्य आचारी. आता मऊ जेवण सुरू झालंय. अंडं, दही, मासा आधी खायचा, बाकीचं मागून. जेवताना पाणी प्यायचं नाही. एकेक घास इतका चावायचा की तो कशाचा होता हेच विसरायला होतं.

मला कळत नाही ते हे, की भूक लागतच नाही. मुळीच नाही. घड्याळ बघून जेवायचं. बरं, भरलेलंही कळत नाही, ढेकर येईल तर शपथ. आहारवाल्या बाई म्हणाल्या, पोट भरल्याची खूण आता बदलते, कुणाला उचकी लागते, कुणाच्या नाकाला पाणी सुटतं. मला शिंक येते. चौथा-पाचवा घास झाला की सटकन शिंक. ती आली की हात धुवायचा. पन्नास वर्षं ज्या पोटाला सांभाळलं, ते आता नाकातून बोलतंय.

त्या बाईंनी एक वही दिलीय. जे काय जेवाल ते त्यात लिहायचं, अगदी प्रामाणिकपणे. सोमवारपासून कामावर जातोय. मॅनेजरचे चार फोन येऊन गेले. बदली आचाऱ्याच्या हातचं कुणी खात नाही म्हणे. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भीतीही वाटते. पोट गेलं ते गेलं, हाताची चव राहिली असेल ना?

तुझा, चौदा किलोंनी उणा झालेला,
पिंप्या

८ फेब्रुवारी

पिंप्या,

तुझ्या पत्रात 'कळत नाही' दोन वेळा आलंय आणि एका ठिकाणी वेलांटी चुकलीय. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त होत नाही, त्याला काय करू?

मला विचारून पोट कापलं नाहीस, याचा राग अजून आहे. तो राहू दे, जाईल हळूहळू. पण तू मुळात खाण्याने जाड झालास हे मी कधी मानणार नाही. मागे तुझ्यासोबत दवाखान्यात आले होते तेव्हा त्या डॉक्टरांना मी तोंडावर सांगितलं होतं, हा एकवेळच जेवतो, मी साक्षीला आहे. आपल्या घराण्याचं अंगच तसलं, पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं. वडिलांचंही तेच. आण्णा एकवेळच जेवायचे, आणि दारातून आडवे होऊन आत यायचे. डॉक्टर नुसते हसले. शिकलेल्या माणसांना हसायला काय लागतं.

हाताची चव कुठे जात नसते. आण्णांची शेवटपर्यंत गेली नाही, आणि त्यांनीही जन्म भटारखान्यातच काढला. तू आपला कामाला लाग, पण जेवणाची हयगय करू नकोस. आणि मला नीट सगळं कळव, लपवालपवी नको. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा 'तसं काही नाही' म्हणायचास. ते शब्द पत्रात दिसले की मी समजेन.

तुझी ताई

२० मार्च

ताई,

उशीर झाला. तसं काही नाही, काम फार आहे.

(हे लिहिल्यावर तुझं वाक्य आठवलं. खोडलं तरी तुला दिसणारच, म्हणून ठेवतो.)

पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. पास दाखवा म्हणाला. बावीस वर्षं ज्याला रोज उरलेला पाव देतो, तो मला म्हणतो, "आचारी आजारी आहेत, आपण कोण?" मी हसलो आणि पास काढून दाखवला. आत गेल्यावर कोठीघराच्या दारातून सवयीने आडवा होऊन शिरलो. जागा एवढी मोठी उरली की मागून कणकेचं पोतं घेऊन माणूस सोबतच आत आला. आरशात बघतो तर मानेला सुरकुत्या. बायको दर रविवारी त्याच पँटी आत घेते. शिवणीत आता कापड जास्त आणि पँट कमी.

चव बिघडलीय. हे तुला म्हणून सांगतो. सोमवारी डाळ अळणी, गुरुवारी रस्सा खारट. माझ्या हातून! तुला आठवतं ना, आण्णांनी मला कसं शिकवलं होतं? थेंब जिभेवर टेकवून मीठ कळत नाही. पातेल्याला तीन घास. पहिला गरमाचा, दुसरा तिखटाचा, तिसरा मिठाचा. आधी एकदा, आणि हात फिरवल्यावर पुन्हा एकदा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ पातेली होतात, एकही न चाखता पुढे गेलेलं नाही, हा आपल्या घरचा नेम. तो मी मोडलेला नाही. पूर्वी वाटीने चाखायचो, आता चहाच्या चमच्याने, एवढाच फरक. तरी मीठ सापडत नाही.

त्यात सर्दी. भटारखान्यात पाऊल टाकलं की शिंका. नाश्त्याच्या पातेल्यापासून सुरू होतात त्या घरी जाईपर्यंत. मिरपूड नव्या दुकानातून येते, तीच असणार. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आहेत, त्यांना परवा विचारलं, डाळ कशी होती हो? चारशे ताटं त्यांच्या हाताखालून जातात, कुठे काय बिघडलं ते त्यांना ताटात उरलेल्यावरून समजतं. म्हणाल्या, "खोटं सांगू का?" मी म्हटलं, नको, काहीच सांगू नका.

वहीचं तर हसू येतं. सकाळ कोरी, दुपार कोरी. जेवावंसंच वाटत नाही ना! घरी येऊन अर्धं अंडं, ते लिहितो. केस गळतात. दुपारी चुलीपाशी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वजन मात्र महिनाभर तिथल्या तिथे. काही खात नाही आणि तरी उतरत नाही, म्हणजे हे काय गौडबंगाल आहे? पोट तर कापलं, आता अजून काय कापायचं?

मॅनेजरने काल खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "थोडे दिवस कोठीघरात बसा, पोती मोजा. इथलं बघतो आम्ही." कोठीघरात गेलेला आचारी परत चुलीपाशी आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी म्हटलं महिनाभर द्या. ताई, चूल गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.

पिंप्या

२७ मार्च

अरे बाबा,

पत्र तीनदा वाचलं. चूक शोधायला नव्हे, समजून घ्यायला.

तू घाबरलायस. पुन्हा जाड होईन म्हणून घास तोंडात घालायला भितोस आणि 'जेवावंसं वाटत नाही' म्हणतोस. मला नको शिकवू. पोट केळ्याएवढं झालं म्हणून माणसाने वाऱ्यावर जगायचं का? काजवे चमकणार नाहीत तर काय होईल!

आता मी सांगते तसं कर. ताट घेऊन बसवत नसेल तर बसू नकोस. पण दिवसभर घासभर काही ना काही तोंडात टाकत राहा. नाहीतरी चाखत असतोसच, त्यातलाच एखादा चमचा जास्त घे. चाखता चाखता पोटात जाईल आणि तुला जेवल्यासारखं वाटणारही नाही. आजाऱ्याला असंच फसवून भरवतात.

सर्दीला रात्री वाफ घे. आणि कोठीघराचं नाव काढू नकोस, मलाच धडधडतं. मॅनेजरला म्हणावं, उतावळेपणा करू नका.

ताई

१५ एप्रिल

ताईंना नमस्कार.

मी कधी लिहीत नाही, तुम्हाला नवल वाटेल. ह्यांना न सांगता लिहितेय.

मंगळवारी हे चुलीपाशी चक्कर येऊन पडले. हातात पळी होती, रस्सा पायावर सांडला. भाजलंय थोडं, घाबरण्यासारखं नाही. मावशींनी ओढून बाजूला घेतलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगात ताकदीचं काही राहिलेलंच नाही म्हणाले. वही बघितली आणि आहारवाल्या बाई माझ्याकडेच बघायला लागल्या, जणू मीच ह्यांना उपाशी ठेवते. पुढच्या तपासणीला पानं अशीच कोरी दिसली तर दोन महिने दवाखान्यात ठेवून घेणार, आणि दोन महिने गेले की चूल गेलीच, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मला काही उमगत नाही, ताई. घरी मी समोर अंडं ठेवते, मासा ठेवते. दोन घासांत शिंकतात आणि ताट सरकवतात. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळी व्यवस्थित खातात, शेवटी एखादी शिंक आली तर आली, सर्दी नाही. म्हणजे माझ्या हातचं नको असं तरी कसं म्हणू? कामाच्या दिवशीच असं का होतं? मी तर आता ह्यांच्यासमोर जेवायचंच सोडलंय. स्वयंपाकघरात उभ्याने खाऊन घेते. भरलेलं ताट घेऊन समोर बसायची लाज वाटते. ह्यांना वाटतं मी रागावलेय.

तुमचा सल्ला ते पाळतात हो. तुमचं पत्र आल्यापासून एकेक चमचा जास्त चाखतात, मला तसं सांगितलं.

वहीची दोन पानं जशीच्या तशी उतरवून पाठवतेय. तुम्ही छापखान्यात होतात, आम्हाला न दिसणारं तुम्हाला दिसतं.

सोमवार. सकाळ: काही नाही. दुपार: काही नाही. रात्र: अंडं अर्धं.
मंगळवार. सकाळ: काही नाही. दुपार: काही नाही (पडलो). रात्र: दही दोन चमचे.

तुमची भावजय

१९ एप्रिल

गाढवा,

आणि मी तुझ्याहून मोठी गाढव, म्हणून हे पत्र दोघांनाही आहे असं समज.

तुझी पत्रं आणि वहीची पानं शेजारी शेजारी ठेवली. मुद्रित तपासताना एक मूळ प्रत घेऊन बसायचं असतं, तशी. वही म्हणते, काही नाही. पत्र म्हणतं, नऊ पातेली. पातेल्याला तीन घास. दोनदा. गुणाकार येतो ना तुला? चोपन्न! चोपन्न चमचे खाऊन तू 'काही नाही' लिहितोस?

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. तू परीक्षा करता करता पातेलं संपवतोस!

आणि ती सर्दी. अरे, पहिल्या पत्रात तूच लिहिलंस की पोट भरलं की तुला शिंक येते. नाश्त्याच्या पातेल्यालाच तुझं ते केळं भरतं आणि शिंकून सांगतं, बस झालं. तू मिरपुडीला शिव्या देतोस आणि आणखी अठ्ठेचाळीस चमचे लोटतोस. सगळं पाणी, तेल, रस्सा. अंड्याला जागा राहणार कुठून? घरी बायको ताट घेऊन बसलेली, आणि तू सकाळपासून जेवून जेवून उपाशी आलेला. सुट्टीला सर्दी का नाही, ते तुझ्या बायकोने विचारलं. माझ्याआधी तिला दिसलं होतं.

त्यात मी तुला सांगितलं, चमचा जास्त घे. देवा! पायावर रस्सा मीच ओतला म्हण ना. दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही.

उद्यापासून चाखणं बंद. किंवा वहीत चोपन्न चमचे लिही आणि बाईंसमोर उघडून ठेव.

ताई

२४ एप्रिल

ताई,

तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे.

चव जेवणात धरत नाहीत. कधीच धरलेली नाही. जेवण म्हणजे बसून, ताट वाढून घेऊन, निवांतपणे केलेलं. चाखणं हे काम आहे. शिंप्याने सुई दातात धरली म्हणून तो सुई खातो का? बाईंनी 'जेवलात ते लिहा' म्हटलं, मी जेवलो नव्हतो, मी लिहिलं नाही. यात खोटं काय बोललो? मला चोर ठरवू नकोस.

आणि बंद कर म्हणतेस! न चाखणारा आचारी म्हणजे काय, हे तुला कळतं का? डोळे मिटून मुद्रित तपासशील? पोट मी दिलं. दिलं ना? कापून दिलं. आता जीभपण देऊ? मग माझं राहिलं काय? पँटी माझ्या नाहीत, मान माझी नाही, पहारेकरी ओळखत नाही. एवढी एक गोष्ट होती.

रागावलोय. पण शिंका मोजल्या आज. पहिली नाश्त्याच्या पातेल्याच्या चौथ्या चमच्याला आली.

हे खरं असेल तर मी आयुष्यभर काय करत होतो, ताई? मी खरंच सांगत होतो डॉक्टरांना, एकवेळच जेवतो म्हणून. शपथेवर सांगितलं असतं.

पिंप्या

३० एप्रिल

पिंप्या,

चोर नाहीस तू. मीही साक्षीदार खोटी नव्हते. आपल्याला घरीच तसं शिकवलंय.

तुला एक सांगते. तू चार-पाच वर्षांचा असशील, तुला आठवायचं नाही. आई आजारी होती तेव्हा सात-आठ महिने घरचं मी करायचे. तेरा वर्षांची होते. आण्णा कामावरून यायचे, मी ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते झाकण काढायचे, बघायचे, पुन्हा ठेवायचे. "पोट भरलंय गं," म्हणायचे. मी विचारायचे, जेवलात का तिकडे? "नाही, जेवलो कुठे."

जेवलो नाही आणि पोट भरलंय. मला एकच अर्थ लागला, माझ्या हातचं गिळत नाही. ते ताट मी मागच्या दारी जाऊन खायचे, रडत रडत, कारण टाकलं तर आईला कळलं असतं. नंतर मी स्वयंपाकाला हातच लावला नाही. छापखान्यात गेले, डबा विकत घेतला, लग्न केलं नाही. सगळं त्यामुळे असं म्हणत नाही. पण आजही कुणी माझ्याकडे जेवायला येतो म्हणालं की मी काहीतरी कारण काढते.

तुझ्या बायकोचं पत्र वाचलं तेव्हा मला ते झाकण दिसलं. आण्णा खोटं बोलत नव्हते रे. त्यांनाही चव जेवणात धरता येत नव्हती. पातेल्यांवरच जेवायचे ते, आणि तसेच गेले, पन्नाशीही न बघता, दारात आडवे होऊन. आपण म्हणालो, घराण्याचं अंगच तसलं.

जीभ दे असं मी म्हणत नाही. तुझ्या कामातलं मला कळत नाही, काहीतरी तू शोध. पण बायको उभ्याने जेवते, हे तुला माहीत आहे का? ती तुझ्यावर रागावलेली नाही, लाजलेली आहे. आधी तिच्यासमोर बस. तिला माझ्यासारखं मागच्या दारी पाठवू नकोस.

ताई

२९ मे

ताई,

महिना झाला. या वेळी खरंच काम होतं.

तुझं पत्र वाचून मी बायकोला विचारलं, उभ्याने जेवतेस? ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" म्हणजे जेवत होती. आता समोरासमोर बसतो. तिचं जेवण होईपर्यंत माझे आठ घास होतात, ती बोलत राहते, मी चावत राहतो. इतकी वर्षं बोलायचो मीच, आता तोंडच मोकळं नसतं. तिला हे फारच मानवलंय.

मग वहीत लिहिलं. चोपन्न चमचे. बाईंनी वाचलं आणि विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, दवाखान्यात ठेवत नाही, पण चमचे थांबले पाहिजेत.

मॅनेजरला सांगायला गेलो. "यापुढे मी चाखणार नाही," म्हटलं. तो म्हणाला, "मग आचारी म्हणून ठेवू कशाला तुम्हाला?" मावशी बेसिनपाशी उभ्या होत्या. हात न पुसताच आल्या. "यांचं मीठ आजवर कुणी बघितलं?" म्हणाल्या. "हे चुलीवर बघतात, मी ताटात बघते. ताटातलं खरं. मी चाखते." मॅनेजर हसला, पण महिनाअखेरपर्यंत करून बघा म्हणाला.

माझं मीठ का चुकत होतं ते आता कळलं, इथंच तर घोडं पेंड खात होतं. मावशी चाखायला आल्या की वाटी आधी खिडकीत ठेवायच्या. मी म्हणायचो, अहो, गार होतंय! त्या म्हणायच्या, "होऊ दे. कारखान्यातली माणसं कुठे उकळतं खातात?" रांगेतून ताट टेबलावर जाईपर्यंत सगळं कोमट होतं, आणि कोमट झालं की मीठ पुढे येतं. बावीस वर्षं मी चारशे माणसांना जेवायला घातलं ताई, पण ते जे खायचे ते मी कधी खाल्लंच नव्हतं. मी उकळतं खायचो. पूर्वी वाटीभर चाखायचो, ती वाटी हातात असेपर्यंत थोडी निवायची, म्हणून जमत होतं. चमच्यावर आलो तिथे सगळं चुकलं, कधी जास्त, त्या भीतीने कधी कमी. मला किती वाईट वाटलं, तुला सांगता येत नाही. आणि हसूही आलं.

आता मी मीठ घालतो आणि मावशींच्या तोंडाकडे बघतो. त्यांची डावी भुवई हलली की समजायचं, चिमूटभर कमी पडलंय. पहिले आठ-दहा दिवस जीव जात होता. हात आपोआप चमच्याकडे जायचा, मी तो खिशात घालायचो. पातेल्यापाशी उभा असून आपण तिथे नाही असं वाटायचं. अजूनही वाटतं. आचारी आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही. पण तीन आठवडे तक्रार नाही आणि कोठीघराचं नाव कुणी काढलेलं नाही. काल मॅनेजर जाता जाता "चालू द्या" म्हणाला. बढतीचं पत्र मिळाल्यासारखं मी ते ऐकलं.

आता कालचं सांगतो, त्यासाठी तर बसलोय लिहायला.

दुपारचे साडेअकरा झाले असतील. डाळ उतरवली, मावशींनी भुवई हलवली नाही, सगळं ठीक होतं. आणि एकदम मला बरं वाटेना. छातीच्या खाली काहीतरी ओढल्यासारखं झालं. दुखणं नव्हतं. पोकळ होतं. हात जरा थरथरायला लागले, उगीच चिडचिड व्हायला लागली, पाव कापणाऱ्या माणसावर विनाकारण ओरडलो. मला वाटलं, झालं! आतले टाके उसवले. आता पुन्हा दवाखाना, आणि चूल गेली. मी ओट्याला धरून उभा राहिलो. मावशींना म्हटलं, डॉक्टरांना फोन करायला सांगा. कुठे दुखतं विचारलं, मला दाखवता येईना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, सकाळी काय खाल्लंत? मी म्हटलं, सात वाजता अंडं. त्यानंतर? त्यानंतर काही नाही. खरंच काही नाही, ताई, एक चमचासुद्धा नाही.

त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. मला इतका राग आला! मग त्यांनी सांगितलं काय झालंय ते, आणि मला भर भटारखान्यात रडू आलं. पन्नास वर्षांचा बाप्या, चारशे माणसांचं रांधणारा, आणि मला हे ओळखता येऊ नये? आण्णांना तरी कधी कळलं असेल का गं? नसेलच. मला सारखं तेच वाटत होतं.

त्यांनी हातात ताट दिलं आणि मला ढकललं. चुलीकडून नाही, बाहेरून, सगळे उभे राहतात तिथून. मी ॲप्रन काढून रांगेत उभा राहिलो. पुढे यंत्रशाळेतला एकजण होता. वळून माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि घाबरला. म्हणाला, "आचारी, तुम्ही रांगेत? बरं नाही का?"

मी म्हटलं, "नाही हो, भूक लागलीय."

तुझा भाऊ